कोल्हापूर–वेंगुर्ला परिसरातील साहित्यिक व किनारी वारसा भ्रमंती

कोल्हापूर–वेंगुर्ला परिसरातील साहित्यिक व किनारी वारसा भ्रमंती म्हणजे महाराष्ट्रातील कोल्हापूर शहर, त्याच्या दक्षिणेचा व पश्चिमेचा घाटमाथा आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याची किनारपट्टी येथील मराठी साहित्यिकांशी व सागरी इतिहासाशी निगडित स्थळांना पायी किंवा सायकलीने दिलेली भेट होय. कागल, आजरा, आंबोली, सावंतवाडी, शिरोडा, आरवली आणि वेंगुर्ला ही या भ्रमंतीतील प्रमुख ठिकाणे आहेत. या भ्रमंतीसाठी अधिकृतरीत्या आखलेला असा एकच मार्ग नाही. घाटमाथ्याला बंदरांशी जोडणारे जुने व्यापारी रस्ते आणि किनाऱ्यालगतच्या गाववाटा यांवरून प्रवासी आपापला क्रम ठरवतात. कोल्हापूर ते वेंगुर्ला हे अंतर आजरा–आंबोली मार्गाने सुमारे १९० ते २०० किलोमीटर आहे.

ज्ञानपीठ पुरस्कार मिळवणारे पहिले मराठी लेखक वि. स. खांडेकर यांचे आयुष्य या मार्गाच्या दोन टोकांमध्ये विभागले गेले होते. इ.स. १९२० ते १९३८ या काळात ते शिरोडा येथे शिक्षक होते. त्यानंतर अखेरपर्यंत त्यांचे वास्तव्य कोल्हापुरात होते. त्यामुळे या परिसरातील साहित्यिक भ्रमंतीचा विचार करताना कोल्हापूर आणि शिरोडा ही दोन गावे एकत्र पाहिली जातात.

संज्ञा आणि स्वरूप

लेखकाचे जन्मस्थान, निवासस्थान, कर्मभूमी, स्मारक किंवा त्याच्या साहित्यात आलेला परिसर पाहण्यासाठी केलेल्या प्रवासाला साहित्यिक पर्यटन म्हणतात. आयर्लंडमधील डब्लिन शहरात जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’ या कादंबरीतील दिवस म्हणून १६ जून रोजी वाचक कादंबरीतील रस्त्यांवरून फिरतात. जपानमध्ये सतराव्या शतकातील कवी बाशो यांच्या पदयात्रेच्या मार्गावरील गावांमध्ये त्यांच्या हायकूंचे शिलालेख आढळतात. महाराष्ट्रात शब्द आणि चालणे यांचे नाते याहून जुने आहे. आषाढी वारीत संतांच्या पादुकांसह, त्यांचे अभंग गात शेकडो वर्षे लोक पंढरपूरला पायी जात आले आहेत.

पायी किंवा सायकलीने केलेल्या प्रवासात वेग कमी असल्यामुळे दोन ठिकाणांमधला प्रदेशही पाहण्याचा भाग होतो. कोल्हापूर–वेंगुर्ला मार्गावर हे विशेष जाणवते. ऊस आणि तंबाखूचा काळ्या मातीचा प्रदेश, आजऱ्यानंतरचा भातशेतीचा व जंगलाचा पट्टा, आंबोलीचे धुके, घाटाखालची जांभ्या दगडाची घरे आणि शेवटी माडांचा किनारा असा बदल मोटारीने काही तासांत मागे पडतो. सायकलस्वाराला तो दोन ते तीन दिवसांत, आणि पायी चालणाऱ्याला आठवडाभरात टप्प्याटप्प्याने अनुभवता येतो. बोलीही याच क्रमाने बदलते. कोल्हापुरी बोलीपासून सुरू झालेला प्रवास मालवणी व कोकणी बोलीच्या प्रदेशात संपतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सह्याद्रीतील घाटवाटांनी कोल्हापूर प्रदेश प्राचीन काळापासून कोकणातील बंदरांशी जोडलेला होता. राजापूर, खारेपाटण, मालवण आणि वेंगुर्ला येथून मीठ, सुकी मासळी, नारळ व परदेशी माल वर जात असे, तर घाटमाथ्यावरून धान्य, गूळ व कापड खाली येत असे. लमाणांचे बैलतांडे ही या व्यापाराची मुख्य वाहतूक होती. अणुस्कुरा घाटातील जुनी फरसबंदी वाट त्या काळाची साक्ष देते. वेंगुर्ला बंदर बेळगावशी जोडणारी वाहतूक आधी रामघाटातून आणि नंतर आंबोलीच्या घाटरस्त्याने होत असे.

मालवण बंदर व त्यासमोरील सिंधुदुर्ग किल्ला दीर्घकाळ करवीर राज्याच्या ताब्यात होते. इ.स. १८१२ च्या तहाने ते ब्रिटिशांकडे गेले. त्याच वर्षी वेंगुर्ला बंदरही सावंतवाडीकरांकडून ब्रिटिशांना मिळाले. त्यामुळे कोल्हापूरचा समुद्राशी असलेला राजकीय संबंध संपला, मात्र व्यापार, सोयरीक आणि शिक्षणानिमित्त होणारी ये-जा सुरू राहिली.

एकोणिसाव्या शतकात या दोन्ही प्रदेशांत सार्वजनिक ग्रंथालये उभी राहिली. रत्नागिरीचे नगर वाचनालय इ.स. १८२८ मध्ये आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर इ.स. १८५० मध्ये स्थापन झाले. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर आणि वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय हीदेखील त्याच शतकातील आहेत. लेखकांच्या घरांपैकी अनेक घरे काळाच्या ओघात बदलली किंवा पडली, परंतु ही ग्रंथालये आजही वापरात आहेत. म्हणून साहित्यिक भ्रमंतीत त्यांना स्मारकांइतकेच महत्त्व आहे.

कोल्हापूर शहर

कोल्हापूर शहरातील साहित्यिक स्थळे पायी पाहता येण्याजोग्या अंतरात आहेत. अंबाबाई मंदिर, भवानी मंडप आणि करवीर नगर वाचन मंदिर हा जुन्या शहराचा गाभा आहे. इ.स. १८८० मध्ये सुरू झालेल्या राजाराम महाविद्यालयाने मराठी साहित्याला अनेक लेखक दिले. कादंबरीकार ना. सी. फडके तेथे दीर्घकाळ प्राध्यापक होते. कवी माधव जूलियन तेथे फारसीचे अध्यापन करीत आणि ‘छंदोरचना’ या ग्रंथामुळे मराठी छंदशास्त्राचे अभ्यासक म्हणून त्यांची ओळख आहे. ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत यांनी राजाराम हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून काम केले. इ.स. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेली ही कर्णावरील कादंबरी त्याच काळातील आहे.

इ.स. १९३८ मध्ये खांडेकर कोल्हापुरात आले, त्यामागे चित्रपटसृष्टी हे प्रमुख कारण होते. मास्टर विनायक यांच्या हंस पिक्चर्सच्या ‘छाया’ (इ.स. १९३६) या चित्रपटाची कथा त्यांनी शिरोड्यास असतानाच लिहिली होती. फडके आणि खांडेकर हे दोन्ही लोकप्रिय कादंबरीकार त्यानंतर काही वर्षे एकाच शहरात होते. ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ या मराठीतील गाजलेल्या वादात अनुक्रमे याच दोघांची नावे घेतली जातात.

शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय आहे. हे विद्यापीठ इ.स. १९६२ मध्ये स्थापन झाले. खांडेकरांच्या वापरातील वस्तू, छायाचित्रे, ग्रंथ आणि सन्मान यांच्या आधारे त्यांचा जीवनपट तेथे मांडला आहे. ‘ययाति’ (इ.स. १९५९) या कादंबरीला इ.स. १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि खांडेकरांना इ.स. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार देण्यात आला. उतारवयात त्यांची दृष्टी गेली होती. त्या काळातील त्यांचे लेखन लेखनिकाच्या साहाय्याने झाले. २ सप्टेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

पन्हाळा आणि पदभ्रमंतीची परंपरा

कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटर अंतरावरील पन्हाळा हे पंडित कवी मोरोपंत (इ.स. १७२९–१७९४) यांचे जन्मस्थान आहे. पुढे ते बारामतीस स्थायिक झाले. शहरातून सकाळी सायकलीने निघून दुपारपर्यंत परत येता येते, मात्र गडाकडे जाणारा अखेरचा रस्ता चढाचा आहे.

कोल्हापूर परिसरात वारसास्थळांकडे चालत जाण्याची परंपरा पन्हाळा–पावनखिंड मोहिमेमुळे रुजली आहे. जुलै १६६० मध्ये छत्रपती शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून पन्हाळ्याहून विशाळगडाकडे गेले. दरवर्षी जुलै महिन्यात अनेक संस्था व गिर्यारोहक गट या मार्गाने पदभ्रमंती काढतात. मसाई पठारावरून जाणारी ही वाट पावसात, चिखलात आणि धुक्यात चालावी लागते. बहुतेक गट ती दोन दिवसांत पूर्ण करतात. इतिहासाचे पाठ्यपुस्तकातील एक पान पायांनी वाचण्याचा हा प्रघात साहित्यिक भ्रमंतीलाही मार्गदर्शक ठरला आहे.

पन्हाळा, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे तिन्ही किल्ले इ.स. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या १२ किल्ल्यांच्या समूहात आहेत.

कागल ते आंबोली

कोल्हापूरच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवरील कागल हे आनंद यादव (इ.स. १९३५–२०१६) यांचे गाव होय. शेतातील कष्ट आणि शिक्षणाची ओढ यांच्या ताणातून घडलेले त्यांचे बालपण ‘झोंबी’ या आत्मचरित्रात्मक ग्रंथात आले आहे. या ग्रंथाला इ.स. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कागलमध्ये पाहण्याजोगी एखादी इमारत शोधण्यापेक्षा गावाबाहेरचे मळे, विहिरी आणि शेतवाटा पाहणे या ग्रंथाच्या वाचकाला अधिक अर्थपूर्ण ठरते.

कागलनंतर मार्ग काही अंतर कर्नाटकातील निपाणी परिसरातून जातो आणि उत्तूरमार्गे आजऱ्याला पोहोचतो. आजरा हे शिवाजी सावंत (इ.स. १९४०–२००२) यांचे जन्मगाव आहे. ते हिरण्यकेशी नदीच्या काठी वसले आहे. आजऱ्याहून चंदगड तालुक्यातील कोवाडकडे वेगळी वाट करता येते. ‘स्वामी’ (इ.स. १९६२) आणि ‘श्रीमान योगी’ या कादंबऱ्यांचे लेखक रणजित देसाई (इ.स. १९२८–१९९२) यांचे ते गाव असून ते ताम्रपर्णी नदीच्या काठी आहे. ‘स्वामी’ला इ.स. १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आजऱ्यापासून आंबोलीपर्यंतचा सुमारे ३५ किलोमीटरचा रस्ता संकेश्वर–बांदा महामार्गाचा भाग आहे. हिरण्यकेशीचा उगम आंबोलीजवळ असल्यामुळे प्रवासी येथे नदीच्या प्रवाहाविरुद्ध, तिच्या उगमाकडे जात असतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत तिची गणना होते आणि वार्षिक पर्जन्यमान ७००० मिलिमीटरच्या आसपास असते. उगमाजवळील जलाशयात आढळलेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या माशाच्या प्रजातीमुळे तो भाग इ.स. २०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित करण्यात आला.

सावंतवाडी

आंबोलीपासून दाणोलीमार्गे सावंतवाडीपर्यंत सुमारे ३० किलोमीटरचा उतार आहे. सावंतवाडी ही भोसले घराण्याच्या संस्थानाची राजधानी होती. मोती तलाव, राजवाडा, लाकडी खेळणी आणि गंजिफा या हस्तकलेसाठी ते प्रसिद्ध आहे. खांडेकरांचा कोकणाशी संबंध याच परिसरातून आला. सांगलीत ११ जानेवारी १८९८ रोजी जन्मलेले गणेश आत्माराम खांडेकर सावंतवाडी भागातील नातलगांकडे दत्तक गेले आणि विष्णू सखाराम खांडेकर झाले. आर्थिक ओढाताण आणि आजारपण यांमुळे त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण अपुरे राहिले आणि अखेरीस ते शिरोड्याच्या शाळेत रुजू झाले.

शिरोडा आणि आरवली

सावंतवाडीहून मळेवाडमार्गे सुमारे २५ किलोमीटरवर शिरोडा आहे. खांडेकरांनी येथील ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये अठरा वर्षे अध्यापन केले. ही शाळा पुढे अ. वि. बावडेकर विद्यालय म्हणून ओळखली जाऊ लागली. ‘हृदयाची हाक’, ‘कांचनमृग’, ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ या त्यांच्या कादंबऱ्या शिरोड्याच्या काळातील आहेत. खेड्यातील दारिद्र्य, ध्येयवादी शिक्षक आणि विषमतेविषयीची अस्वस्थता हे त्यांच्या साहित्यातील विषय या गावातील अनुभवांशी जोडले जातात. खांडेकरांच्या आठवणी जपणारे संग्रहालय शिरोड्यातही आहे.

शिरोड्याची मिठागरे भारताच्या स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात नोंदली गेली आहेत. गांधीजींच्या दांडी यात्रेनंतर मे १९३० मध्ये येथे मिठाचा सत्याग्रह झाला आणि महाराष्ट्राच्या विविध भागांतून सत्याग्रही गावात आले. त्या वेळी खांडेकर याच गावात शिक्षक होते. साहित्य, शाळा, मीठ आणि समुद्र ही चारही सूत्रे काही किलोमीटरच्या परिघात एकत्र आल्यामुळे शिरोडा हे या भ्रमंतीतील सर्वांत महत्त्वाचे ठिकाण मानता येते. गावापासून वेळागर किनारा चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

शिरोड्याला लागून असलेले आरवली हे जयवंत दळवी (इ.स. १९२५–१९९४) यांचे गाव होय. ‘सारे प्रवासी घडीचे’ या पुस्तकात त्यांनी कोकणातील माणसांची व्यक्तिचित्रे रंगवली. ‘चक्र’ ही मुंबईच्या झोपडपट्टीवरील कादंबरी, तसेच ‘संध्याछाया’ व ‘बॅरिस्टर’ ही नाटके त्यांच्या प्रमुख साहित्यकृती आहेत. आरवलीतील वेतोबाचे मंदिर सर्वत्र परिचित आहे. गावाचा राखणदार असलेला वेतोबा रात्री गावातून फिरतो, त्यात त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा असल्याने भाविक त्याला मोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात. पायी प्रवास करणाऱ्याला या लोकश्रद्धेचे विशेष अप्रूप वाटते.

शिरोड्याच्या दक्षिणेस रेडी येथे यशवंतगड हा किल्ला आणि त्यापुढे तेरेखोल नदीच्या मुखाशी गोव्याच्या हद्दीतील तेरेखोल किल्ला आहे. रेवस–रेडी सागरी महामार्गाचे दक्षिण टोक रेडी हेच आहे.

वेंगुर्ला

शिरोड्यापासून मोचेमाडमार्गे सुमारे १८ किलोमीटरवर वेंगुर्ला आहे. हा टप्पा पायी चालणाऱ्यास एका दिवसात पूर्ण करता येतो. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार स्थापन केली होती. तिचे भग्नावशेष आजही उभे आहेत. बंदर, दीपगृह आणि जुनी बाजारपेठ यांतून शहराचा व्यापारी इतिहास दिसतो.

कवी मंगेश पाडगावकर (इ.स. १९२९–२०१५) यांचा जन्म वेंगुर्ल्यात झाला. ‘सलाम’ या संग्रहासाठी त्यांना इ.स. १९८० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘आरती प्रभू’ या नावाने कविता लिहिणारे चिं. त्र्यं. खानोलकर (इ.स. १९३०–१९७६) यांचा जन्म वेंगुर्ला तालुक्यातील बागलांची राई येथे झाला. मुंबईस जाण्यापूर्वी ते कुडाळ येथे खानावळ चालवीत. ‘नक्षत्रांचे देणे’ या काव्यसंग्रहासाठी त्यांना मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार देण्यात आला. त्यांच्या ‘कोंडुरा’ या कादंबरीवर श्याम बेनेगल यांनी इ.स. १९७८ मध्ये चित्रपट केला. कोंडुरा याच नावाचा खडकाळ किनारा वेंगुर्ला तालुक्यात आहे. तेथील खडकांच्या पोकळीत घुसणाऱ्या लाटांचा घुमणारा आवाज ऐकल्यावर कादंबरीतील गूढ वातावरणाचा उगम लक्षात येतो.

उत्तरेकडील विस्तार

वेंगुर्ल्याहून किनाऱ्याने उत्तरेस गेल्यास मालवण लागते. सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम इ.स. १६६४ ते १६६७ या काळात झाले. किल्ल्यातील शिवराजेश्वर मंदिर छत्रपती राजाराम महाराजांनी बांधल्याचे मानले जाते.

देवगड तालुक्यातील धालवली हे कवी विंदा करंदीकर (इ.स. १९१८–२०१०) यांचे जन्मगाव आहे. त्यांचे शिक्षण कोल्हापुरात झाले आणि पुढे त्यांना इ.स. २००३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. अशा प्रकारे मराठीतील चार ज्ञानपीठप्राप्त लेखकांपैकी दोघांची आयुष्ये कोल्हापूर आणि आजचा सिंधुदुर्ग जिल्हा यांच्याशी निगडित आहेत. त्याच तालुक्यातील पोंभुर्ले हे ‘दर्पण’ (६ जानेवारी १८३२) या पहिल्या मराठी वृत्तपत्राचे संपादक बाळशास्त्री जांभेकर यांचे गाव होय. तेथे त्यांचे स्मारक आहे. भिलार (सातारा जिल्हा) येथे इ.स. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘पुस्तकांचे गाव’ या शासकीय योजनेचा विस्तार करताना पोंभुर्ल्याची निवड झाली. कोल्हापूरहून गगनबावडा–वैभववाडी मार्गाने या भागात थेट येता येते.

रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड हे केशवसुत (इ.स. १८६६–१९०५) यांचे जन्मस्थान आहे. गणपतीपुळ्याजवळील या गावात कोकण मराठी साहित्य परिषदेने त्यांचे स्मारक उभारले आहे. कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीमार्गे तेथे जाता येते.

मार्ग आणि टप्पे

सायकलस्वारांसाठी कोल्हापूर–कागल–उत्तूर–आजरा (सुमारे ८५ किलोमीटर), आजरा–आंबोली–सावंतवाडी (सुमारे ६५ किलोमीटर) आणि सावंतवाडी–शिरोडा–आरवली–वेंगुर्ला (सुमारे ४५ किलोमीटर) असे तीन दिवसांचे टप्पे सोयीचे आहेत. कोल्हापूर सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्यामुळे पश्चिमेकडे जाताना एकूण चढ कमी आणि उतार अधिक असतो. उलट दिशेने आल्यास घाटात सुमारे ६०० मीटरचा चढ चढावा लागतो. घाट उतरताना ब्रेक सलग दाबून ठेवल्यास चाकाची कड तापते. म्हणून ब्रेक अधूनमधून सोडत आणि वळणापूर्वीच वेग कमी करीत उतरावे लागते. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेने साखळी लवकर गंजते. ती रोज पुसून तेल देणे आवश्यक असते.

कोल्हापूर आणि कोकण रेल्वे यांना जोडणारा थेट लोहमार्ग नाही. सायकल परत आणण्यासाठी घाटरस्त्याने वाहन करावे लागते किंवा पुन्हा चढ चढावा लागतो. पायी प्रवास करणारे बहुधा संपूर्ण मार्ग न चालता कोल्हापूर शहर, पन्हाळा आणि शिरोडा–वेंगुर्ला हे तीन स्वतंत्र टप्पे निवडतात.

ऋतुमान आणि भरती-ओहोटी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या भ्रमंतीस सर्वाधिक अनुकूल आहे. पावसाळ्यात किनाऱ्यावर सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटात दरडी कोसळण्याचा, दाट धुक्यात वाहनचालकाला सायकल न दिसण्याचा आणि शेवाळलेल्या रस्त्यावरून घसरण्याचा धोका असतो. एप्रिल–मे महिन्यांत घाटाखाली उष्मा व दमटपणा वाढतो.

वाळूवरून चालणाऱ्यास भरती-ओहोटीचे भान ठेवावे लागते. कोकणात पूर्ण भरतीची वेळ काढण्याचा एक पारंपरिक ठोकताळा आहे. पंधरवड्यातील तिथीच्या अंकाला पाऊणने गुणल्यास भरतीची साधारण वेळ मिळते. उदाहरणार्थ, चतुर्थीला सुमारे तीन वाजता आणि अष्टमीला सुमारे सहा वाजता पूर्ण भरती येते. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. प्रत्यक्ष वेळ ठिकाणानुसार पुढेमागे होते. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास उधाण येते आणि पाण्याची पातळी नेहमीपेक्षा वर चढते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीमुळे चढउतार कमी असतो. ओहोटीच्या वेळी उतरून जाता येणारी खाडी परतताना पाण्याने भरलेली असू शकते. त्यामुळे खाडीची मुखे पुलावरूनच ओलांडणे सुरक्षित ठरते. खडकाळ किनाऱ्यावर व अनोळखी पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिक मच्छीमारांना विचारणे आवश्यक असते.

साहित्यातील स्थळ आणि प्रत्यक्ष स्थळ

कादंबरीतील गाव आणि नकाशावरील गाव नेहमी एकच नसतात. लेखक अनेक ठिकाणचे तपशील एकत्र करतो, नावे बदलतो, अंतरे कमी-अधिक करतो. ‘मृत्युंजय’ आणि ‘ययाति’ यांचा कथाविषय महाभारतातील आहे. त्यांची निर्मिती कोल्हापूर परिसराशी जोडलेली असली, तरी त्यांतील स्थळे येथे शोधता येत नाहीत. याउलट ‘झोंबी’ आणि ‘सारे प्रवासी घडीचे’ यांचा गावाशी थेट संबंध आहे. या दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांत आलेली माणसे खरीखुरी असतात आणि त्यांचे वंशज गावात राहत असू शकतात. म्हणून व्यक्तिरेखांची ‘मूळ माणसे’ शोधत घराघरांत चौकशी करणे अनुचित मानले जाते.

जतन आणि प्रश्न

सिंधुदुर्ग जिल्हा इ.स. १९९७ मध्ये देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. तेव्हापासून किनारे व किल्ले यांकडे येणाऱ्या पर्यटकांची संख्या वाढली, परंतु साहित्यिक स्थळांची नोंद त्या प्रमाणात झालेली नाही. किल्ल्याला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळतो. लेखकाचे घर मात्र बहुधा खासगी मालमत्ता असते. वाटण्या, दुरुस्ती आणि नवे बांधकाम यांत ते बदलते किंवा नाहीसे होते. अशा वेळी गाव हेच स्मारक उरते आणि त्याविषयीची माहिती ज्येष्ठ ग्रामस्थांच्या आठवणीत राहते.

किनाऱ्याची धूप, रस्त्यांचे रुंदीकरण, खाणकाम आणि पर्यटन प्रकल्प यांमुळे भूप्रदेशही बदलत आहे. मिठागरे टिकली नाहीत, तर शिरोड्याच्या सत्याग्रहाचा केवळ फलक उरेल. तो कशासाठी झाला हे दाखवणारी जमीन उरणार नाही. सड्यांवरील प्रागैतिहासिक कातळशिल्पांबाबतही हाच प्रश्न आहे. कोकणातील कातळशिल्पे इ.स. २०२२ पासून जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आहेत, तरी बहुतेक शिल्पे उघड्या कातळावर आणि खासगी जमिनीत आहेत.

स्मारक कोणाचे होते, हाही विचारात घेण्याजोगा मुद्दा आहे. छापील साहित्याच्या लेखकांची जन्मस्थाने नोंदली जातात. दशावतारी कलावंत, शाहीर आणि ओव्या रचणाऱ्या स्त्रिया यांची नावे बहुधा कोठेही कोरलेली नसतात. पायी हिंडणारा प्रवासी गावच्या जत्रेत दशावतार पाहतो किंवा एखाद्या घरी ओवी ऐकतो, तेव्हा तो याच वारशाच्या अलिखित भागापर्यंत पोहोचलेला असतो.